त्या दुपारी तुम्ही काय जेवलात?

शांतवनदादा, तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी तुमची चौकशी करत फिरतो आहे. माणूस गेला की लोक त्याच्या आठवणी सांगतात. मी साक्षी तपासतो आहे. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तुम्ही दुसऱ्या मराठी मंडळीच्या विल्सन रणपिसेच्या हातून प्रभुभोजन घेतलंत की नाही, एवढंच मला कळायला हवं आहे. कोणाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तुम्हाला वाटला नसता, म्हणून तुम्हालाच विचारतो.

विल्सनने ते सगळ्यांसमोर सांगितलं. तुमची शवपेटी गावी जाणाऱ्या विमानात चढायच्या आदल्या दिवशी दुबईत, जेबेल अलीच्या चर्च-आवारात आपल्या आणि विल्सनच्या, दोन्ही मराठी मंडळ्यांची मिळून प्रार्थना ठेवली होती. शालिनीवहिनी पहिल्या बाकावर होत्या. विल्सन उभा राहिला, तुमच्याबद्दल चार शब्द चांगले बोलला आणि शेवटी म्हणाला, "दादा इतकी वर्षं वेगळ्या मेजावर बसले. पण जाताना आमच्याबरोबर एकाच मेजावर जेवून गेले. मी स्वतः त्यांना प्रभुभोजन दिलं."

मागच्या बाकांवरून, त्याच्या लोकांकडून, आमेन आलं. माझी बायको सुनीता माझ्या शेजारी बसून रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मी विल्सनकडे बघत होतो आणि माझ्या मनात एकच विचार होता: याला आपला हॉल हवा आहे.

तसा विचार यायला कारण होतं. सुट्टी शुक्रवारची रविवारवर गेली, तेव्हापासून त्या आवारात रविवार सकाळ मिळणं किती कठीण झालं ते तुम्ही जाणता. तमिळ लोकांनंतर आपण, आपल्यानंतर फिलिपिनो. विल्सनच्या मंडळीला दुपार मिळाली. त्यांच्याकडे मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पमधली पोरं जास्त; परतीची बस चुकायला नको म्हणून त्यांना शेवटचं गीत अर्धवट सोडून पळावं लागतं. दोन्ही मंडळ्या एक करा, सकाळची वेळ सगळ्यांना मिळेल, असं विल्सन कधीपासून म्हणत होता. तुम्ही दर वेळी नाही म्हणालात. आणि आता तुमचंच होय त्याच्या खिशात होतं, विचारायला तुम्ही नव्हता. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलेल्या मापावर मी आजवर सही केलेली नाही. क्वांटिटी सर्व्हेअरच्या नोकरीत निम्मं काम संशय घेण्याचंच असतं. इथेही टेप काढावी असं मी ठरवलं.

हे वाचणारे सगळे आपल्यातले नसतील, म्हणून भांडण काय ते सांगून टाकतो. आपण ल्यूथरन, त्यातही जुन्या वळणाचे. आपलं म्हणणं असं की वेदीवरच्या भाकरीत आणि प्याल्यात प्रभू खरोखर येतो. ती नुसती त्याची आठवण नव्हे. जो असं मानत नाही त्याला आपण मेजावर बोलवत नाही. त्याला कमी लेखायचं म्हणून नाही, तर न ओळखता घेतलेली ही गोष्ट त्यालाच जड जाईल या काळजीने. विल्सनचे लोक म्हणतात, ही आठवणच आहे, मेज प्रभूचं आहे, तुम्ही दारावर उभे राहणारे कोण? एकेकाळी या देशात आपण सगळे मराठी ख्रिस्ती एकाच हॉलमध्ये भजायचो. एका ईस्टरला सगळ्यांनी मिळून एकच प्रभुभोजन करायचं ठरलं आणि तुम्ही उठून बाहेर गेलात. तुमच्यामागे आम्ही थोडे गेलो. त्या दिवसापासून दोन मंडळ्या.

आणि आपली ती पद्धत. प्रभुभोजनाला यायचं तर आधी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे एल्डरला, म्हणजे तुम्हाला, तोंडाने सांगायचं. मेसेज चालत नाही, फोन चालतो. तुम्ही विचारणार, भाकरीत काय आहे? कोणाशी भांडण आहे का? मग म्हणणार, या. नव्या माणसाला याची धडकी भरायची. मला भरली होती.

तेव्हा तुम्ही रुवैसला रिफायनरीत सेफ्टीमध्ये होता आणि मी तिथल्या स्टाफ हाउसिंगच्या कामावर. तुमच्या सहीशिवाय कोणी टाकीत उतरू शकत नव्हतं. आधी गॅस टेस्ट, मग परमिट, मग तोंडाशी एक माणूस उभा, आतला बाहेर येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. मोठमोठे इंजिनिअर तुमच्यासमोर "यल्ला, शांतवन, यल्ला" अशी घाई करत घड्याळ दाखवायचे आणि तुम्ही शांतपणे मीटरकडे बघत बसायचात. चर्चमध्येही तुम्ही तेच करता, असं मी एकदा चिडून म्हणालो. तुम्हाला राग आला नाही. "टाकीत काय आहे ते दिसत नाही, म्हणून तर परमिट," तुम्ही म्हणालात. "वेदीवरपण दिसत नाही." त्यानंतर मी वाद घातला नाही. हिशेबी माणसाला पटेल असं धर्माबद्दल मला सांगणारे तुम्ही पहिले.

सुनीताला मात्र ते पटलं नाही. ती नगरकडची, दुसऱ्या मिशनच्या मंडळीत वाढलेली. लग्न होऊन इथे आली तेव्हा तुम्ही तिलाही विचारलंत.

"सुनीताबाई, भाकरीत काय आहे?"

"गहू," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि आठवण."

"मग आत्ता नाही," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, आता ही माहेरी फोन करून रडणार. ती तुम्हाला म्हणाली की खोटं सांगून जेवायला बसायची सवय तिला नाही. तुम्ही तिचे आभार मानलेत. म्हणालात, खोटं सांगितलं असतं तर मला ओळखता आलं नसतं.

तेव्हापासून दर प्रभुभोजनाला मी उठून वेदीपाशी जातो आणि सुनीता बाकावर राहते. आमची रिया लहान होती तेव्हा तिच्या मांडीवर बसून असायची. दृढीकरण होऊन मेजावर यायची मुभा मिळाल्यावर तीही माझ्याबरोबर येऊ लागली आणि बाक रिकामा झाला, सुनीता सोडून. परत येताना मी तिच्याकडे बघायचं टाळतो. रिया एकदा गाडीत तिला म्हणाली, "मम्मा, जस्ट से येस ना. हू विल नो?" सुनीता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय विल."

तरी दर वेळी, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, तुमचा तिला फोन यायचा. बाकी सगळे तुम्हाला फोन करायचे. तिला तुम्ही करायचात. मी दुसऱ्या खोलीतून ऐकायचो. "तेच उत्तर का?" "तेच, दादा." "बरं. आज भाजी कसली?" मग अर्धा तास भाजीवर. शालिनीवहिनींना ती कशी करतात ते विचारून पुन्हा फोन. बायकांना पाळक होऊ द्यायचं नाही या तुमच्या मतावर ती तुम्हाला सोडायची नाही. म्हणायची, "भाकरी थापायची बायकांनी आणि मोडायची पुरुषांनी, छान आहे." तुम्ही हसायचात. "उत्तर नाही माझ्याकडे, सुनीताबाई. नियम आहे." नियमाला उत्तर म्हणून न खपवणारा नियमवाला मी दुसरा पाहिला नाही.

आता तुम्हाला कळेल मी का चौकशी करतो आहे. तुम्ही जर शेवटी विल्सनच्या हातून घेतलं असेल, तर सुनीता इतकी वर्षं त्या बाकावर कशासाठी बसली? जी भिंत तुम्ही तिच्यापुढे उभी केलीत आणि मी तिला टेकून उभा राहिलो, ती तुम्ही अंथरुणावर पडल्या पडल्या पाडलीत का? आणि पाडली असेल तर तिला आधी का नाही सांगितलंत? आणि नसेल पाडली, तर विल्सन मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलतो आहे, तेही प्रार्थनेत.

विल्सनच खोटं बोलतोय, यावर मी पैज लावली होती. पुरावाही सापडला होता. मी त्या आठवड्यात साइटच्या कामाने रुवैसला अडकलो होतो. परत आल्यावर धावत हॉस्पिटलला आलो तेव्हा तुमच्या डोक्यामागे बोर्ड होता, तोंडाने काहीही देऊ नये. पाणीसुद्धा नर्स कापसाने ओठांना लावत होती. तुमचे डोळे उघडे होते पण तुम्ही मला ओळखलंत की नाही, सांगता येत नाही. ज्याला पाण्याचा घोट बंद, त्याने भाकर कशी घेतली? खलास, मी मनात म्हटलं. सापडला.

वहिनींना तुमच्या गावी, बल्लारपूरला फोन केला. घर लोकांनी भरलेलं होतं, मागे कोणीतरी गात होतं. मी आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, बोर्ड शेवटच्या दोन दिवसांतला. त्याआधी थोडं थोडं जात होतं. विल्सन आला होता त्याआधीच. त्या वेळी त्या अंघोळीला घरी गेल्या होत्या. "काय झालं भाऊजी? कोणी काही बोललं का?" नाही, नाही, मी म्हटलं. नवऱ्याला जाऊन इतके कमी दिवस झालेल्या बाईला मी काय विचारतो आहे ते माझं मलाच ऐकू आलं आणि मी फोन ठेवला. पण मनातून गेलं नाही. विल्सनने वहिनी नसतानाची वेळच का साधली?

ऑफिसमध्ये माझ्याबरोबर इक्बालभाई आहे, रत्नागिरीचा, तुम्हाला दोनदा भेटलाय. तुमची पेटी गावी पाठवायच्या कागदपत्रांसाठी मुहैस्नाहच्या केंद्रात माझ्याबरोबर दिवसभर उभा होता. त्याने माझा चेहरा बघून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "आमच्यातपण आहे रे. ह्या इमामाच्या मागं तो उभा राहत नाही. पण मयताला खांदा देताना कोण कोणाच्या मागं होता ते कोणी लिहून ठेवत नाही." मी म्हटलं, हे खांद्याचं नाही, इक्बालभाई, जेवणाचं आहे. "मग जेवणाऱ्यांना विचार," तो म्हणाला, "तू तर पंगतीबाहेरच्यांना विचारत फिरतोयस."

म्हणून सरळ विल्सनकडे गेलो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये तो ज्या फॅक्टरीत आहे तिथल्या कॅन्टीनमध्ये, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. मी प्रश्नांची यादी करून गेलो होतो, जसं साइटवर जाताना करतो. हॉलबद्दल शेवटी काढायचं असं ठरवलं होतं आणि पहिल्याच वाक्यात ते तोंडातून निघालं. म्हटलं, तुला आमची सकाळ हवी आहे म्हणून तू दादांचं नाव वापरतोस.

विल्सनने ट्रे बाजूला सारला. मग म्हणाला, "रुवैसला मला पहिलं परमिट त्यांनी दिलं होतं. टाकीच्या तोंडाशी ते स्वतः उभे होते. तुम्ही ईस्टरला त्यांच्यामागे बाहेर गेलात. मला जाता आलं नाही, माझा विश्वास तसा नव्हता. त्यानंतर ते माझ्याशी सगळं बोलायचे, फक्त एकत्र जेवायचे नाहीत, चर्चमध्ये. मला हॉल नको होता, भाऊ. मला ते एकदा हवं होतं."

मी विरघळलो नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. असं बोलणारा माणूस खोटं बोलू शकतोच, उलट जास्त बोलू शकतो, कारण त्याला ते खरं व्हायला हवं असतं. मी विचारलं, भाकर कुठून आणलीस? आपल्या पद्धतीच्या पातळ चकत्या त्यांच्याकडे नसतात.

"आणली नाही. तिथे होती."

"कुठे?"

"डब्यात." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम खोदतोय. "तुमच्या मिसेसना विचारा ना. डबा त्यांचाच होता. त्या होत्याच तिथे."

दादा, कॅन्टीनमधून गाडीपर्यंत मी कसा आलो ते मला आठवत नाही. मी वहिनींना विचारलं, इक्बालला सांगितलं, विल्सनला कोर्टात उभं केलं. आणि जी बाई माझ्या शेजारी रुमालाची घडी घालत बसली होती, ती तिथे होती. मी रुवैसला असताना ती रोज दुपारी तुमच्यासाठी डबा घेऊन जात होती हे मला माहीत होतं. तरी ते माझ्या हिशेबात आलं नव्हतं.

घरी गेल्या गेल्या विचारलं, तू का नाही सांगितलंस?

"तुम्ही विचारलंत का?" ती म्हणाली. मेथी निवडत होती, निवडतच राहिली. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही मापं घेत बसला असतात. आत्तापण तेच करणार आहात."

मग तिने सांगितलं. ज्वारीची भाकरी होती, वरण होतं. तुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून ती भाकरी वरणात कुस्करून देणार होती. तेवढ्यात विल्सन आला. तो बसला, तुमचा हात हातात घेतला, प्रार्थना केली. बरीच लांब. प्रभूच्या शेवटच्या रात्रीबद्दल काहीतरी बोलला. मग डब्यातली भाकरी उचलली, मोडली, एक तुकडा तुमच्या ओठांना लावला, एक तिला दिला, एक स्वतः खाल्ला. तुमच्या टेबलावर हॉस्पिटलचा डाळिंबाचा ज्यूस होता, त्याचा एकेक घोट झाला. बस, एवढंच.

एवढंच नाही, हे तुम्ही जाणता. मी विचारलं, त्याने शब्द म्हटले का? प्रभूचे शब्द, नेमके? कारण आपल्याकडे त्या शब्दांवर सगळं उभं आहे. शब्द नसतील तर ती भाकरी भाकरीच.

"म्हटले असतील. मी दादांच्या हाताकडे बघत होते. सलाईनची सुई हलली होती."

"आठवून बघ."

"अहो," ती म्हणाली, "माणूस जेवत होता."

मी विल्सनला फोन करून तेच विचारलं. तो म्हणाला, नेमके म्हटले का आठवत नाही, आमचं तसं पाठ थोडंच असतं. आणि मग मला लख्ख दिसलं की कोणीच खोटं बोललेलं नाही. विल्सनच्या हिशेबाने प्रार्थना, भाकरी, प्रभूची आठवण, झालं प्रभुभोजन. आपल्या हिशेबाने पाळक नाही, शब्दांचा पत्ता नाही, म्हणजे ते दुपारचं जेवण, आशीर्वाद मागून घेतलेलं. एकाच डब्यातल्या भाकरीचे तुकडे, आणि विल्सनच्या पोटात एक गोष्ट गेली, तुमच्या पोटात दुसरी. अशी चूक आपल्या लोकांशिवाय जगात कोणाच्या हातून होईल असं मला वाटत नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही भिंत पाडली नव्हती, जेवला होता. विल्सनला तसं सांगायचं, मंडळीला तसं सांगायचं, विषय संपला. मी तसं म्हणालोही. सुनीताने मेथीची काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, संपला कसा? पुढचं ऐका.

विल्सन गेल्यावर तुम्ही डोळे मिटलेत. मग तिला विचारलंत, "सुनीताबाई, तुम्ही काय खाल्लंत?" तीच फोनवरची पद्धत, फक्त आवाज नव्हता. ती म्हणाली, "माहीत नाही, दादा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं उत्तर बदललं. आधी तिला माहीत होतं, गहू आणि आठवण. त्या दुपारी तिला माहीत नव्हतं. मग तिने उलट विचारलं, "आणि तुम्ही?"

"भाकरी," तुम्ही म्हणालात. "विल्सनला सांगू नका. त्याचा समज मोडायची ताकद माझ्यात नाही." मग म्हणालात, "असती तरी आज मोडला नसता. डबा तुमचा होता, मी कोणाला काय विचारणार?"

हे वाक्य घेऊन मी किती दिवस बसलो आहे. यातलं किती धरू? ताकद नव्हती ते खरं की मोडायचा नव्हता ते खरं? टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस एकाला उतरू देतो, कारण टाकी त्याची नाही? की तुम्हाला माहीत होतं ही टाकीच नाही, साधा माठ आहे, आणि विल्सनला पाणी पिऊ दिलंत? पहिलं असेल तर तुम्ही थकलात. दुसरं असेल तर ते प्रेम होतं. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी दोन्हींतलं एक खरं मानायला तयार नाही, आणि ते ऐकायची सोय आता राहिली नाही. मला तुमचा रागही येतो. सगळ्यांना इतके स्पष्ट प्रश्न विचारलेत आणि स्वतःचं उत्तर असं अर्धं ठेवून गेलात.

असं तुम्ही आधीही केलं होतं. गावाकडे एका प्रार्थनाघराला सरकारी कुलूप लागलं तेव्हा मी म्हणत होतो, मंडळीने ठराव करावा, निवडणूक जवळ आहे, कोणाला मत द्यायचं ते उपदेशात सांगावं. तुम्ही ठाम नाही. सरकार देवाच्या डाव्या हाताचं काम करतं, मंडळी उजव्या. हात बदलायचे नाहीत. मी विचारलं, डावा हात मारत असेल तर? तर अंग चोरायचं नाही, तुम्ही म्हणालात, पण उजव्या हातात काठी घ्यायची नाही. मी तुम्हाला भित्रा म्हणालो. त्यानंतर तुम्ही वार्षिक सुट्टी घेतलीत, आणि ती तहसील कचेरीच्या बाकावर घालवलीत, एकटे, नागरिक म्हणून, त्या कुलपासाठी. आल्यावर मला सांगितलंही नाहीत. वहिनींकडून कळलं. मग मी वाद पुढे नेला नाही, पण माझं म्हणणं अजून तेच आहे, आणि तुमचं काय होतं ते मला अर्धंच कळलं आहे. वेदीवर कडक आणि बाकावर मऊ, असं काहीतरी. मला दोन्ही एका जागी करता येत नाही.

विल्सनला मी पुन्हा भेटलो. डब्याशेजारी तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं नाही; तुम्ही सांगू नका म्हणाला होतात. फक्त म्हणालो, त्या जेवणावर मंडळ्या एक होणार नाहीत, आणि पुन्हा ते व्यासपीठावरून सांगू नकोस. तो म्हणाला, नाही सांगणार. मग त्याने विचारलं, तुमचा अजून माझ्यावर काही राग आहे का? मी म्हटलं, हॉलचं बोललो ते मागे घेतो. आणि हेही म्हणालो की तुमची दुपार आणि आमची सकाळ बदलून घेण्याबद्दल आवाराच्या ऑफिसात आपण दोघं मिळून जाऊ, आळीपाळीने. मेज वेगळं राहील. घड्याळावर आपला सिद्धांत काही नाही.

आता तुमच्या जागी लोकांनी मला बसवलं आहे. भारतातून अधूनमधून येणारे आपले पाळकसाहेब व्हिसा मिळून आले आहेत. उद्या रविवारी प्रभुभोजन आहे. आज दिवसभर लोकांचे फोन येत होते. मी तुमचेच प्रश्न विचारत होतो, माझा आवाज मलाच परका वाटत होता. सगळ्यांचं झालं. एक उरलं, आणि तो फोन मला करायचा होता, पण ज्याला करायचा ते माणूस स्वयंपाकघरात होतं.

मी दारात उभा राहिलो. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. ते तुमचं काम होतं. म्हटलं, सुनीता, भाकरीत काय आहे?

तिने हात पुसले. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं, आलं नाही.

"दादांना सांगितलं तेच. माहीत नाही."

"मग?"

"दादा त्याच दुपारी म्हणाले होते, माहीत नाही हे उत्तर घेऊन पाळकांसमोर बसू या, तुम्ही आणि मी. ते बसायचं राहिलं."

दादा, हे तुम्ही तिला म्हणालात आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला या म्हणू शकत नव्हतो, आणि तिने तसं मागितलंही नाही. नाही म्हणणंही माझ्या जिभेवर आलं नाही. मी पाळकसाहेबांना फोन लावला, ते शारजात ज्यांच्याकडे उतरलेत त्या घरी होते, आणि फोन तिच्या हातात दिला. ती गॅलरीत गेली आणि तिने काचेचं दार ओढून घेतलं.

तिथून मला ती दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. आधी ती बराच वेळ ऐकत राहिली. मग बोलू लागली, एक हात कठड्यावर ठेवून, आणि बोलताना थांबेना. मधे एकदा तिने मान हलवली, नाही अशी. एकदा हसली. एकदा डोळे पुसले, की केस मागे सारले, नक्की सांगता येणार नाही. मी दाराच्या आणखी जवळ जाऊ शकलो असतो. गेलो नाही. ती आत आली, फोन टेबलावर ठेवला, आणि पोळ्यांची कणीक मळायला लागली.

काय बोलणं झालं ते मी तिला विचारलेलं नाही. उद्या ती बाकावरून उठते की नाही ते दिसेपर्यंत विचारणारही नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती अवघड जातं आहे ते तुम्हालाच कळेल.